धोंडूनं फोडलेलं शहाळं

पुळणवाडीत दार वाजवून कुणी येत नसे. दारं उघडीच असत. येणारा दारापुढच्या खळ्यातूनच हाक घाली, "आसास काय गो घरात?" आणि उत्तराची वाट न बघता पडवीत टेके. म्हणून त्या सकाळी उघड्या दाराच्या फळीवर टकटक झाली तेव्हा मथुरेला आधी वाटलं, कोंबडी शिरली.

चुलीवर पेज रटरटत होती आणि वैलावर लोखंडी तव्यात वाळू तापत होती. वाळू धोंडूच्या कमरेसाठी. तिची पोटली करून शेकल्याशिवाय त्याचं अंग खाटेवरून सुटत नसे. धोंडू पहाटेच जागा होई, पण जागं व्हायचं ते डोळ्यांनी. बाकीचा धोंडू मथुरेनं उठवायचा. आधी कुशीवर वळवायचा, मग शेक, मग आढ्याला बांधलेला काथ्याचा दोर त्याच्या हातात द्यायचा, आपला खांदा त्याच्या काखेखाली घालायचा आणि दोघांनी एकदमच "हं" म्हणायचं. कधी पहिल्या "हं"ला जमे, कधी तिसऱ्याला. कधी जमतच नसे, मग पुन्हा वाळू.

त्या दिवशी जमलं होतं. धोंडू खाटेच्या कडेला बसून पेजेची वाट बघत होता, आणि दारात टकटक झाली.

मथुरा ओले हात पुसत बाहेर आली. दारात परीटघडीच्या शर्टातला एक गृहस्थ. काखेत चामडी बॅग, एका हातात बूट, पँट गुडघ्यापर्यंत खाडीच्या पाण्यानं भिजलेली. होडीतून उतरताना पाय चुकला असणार. कपाळावरून घाम गळत होता.

"धोंडू सखाराम मयेकर इथंच राहतात ना? मी फंडाकडून आलोय, मुंबईहून. पाहणी करायचीय." आणि मग एक सुस्कारा. "काय वाळू आहे हो तुमची! पाय निघता निघत नाही."

"पाय धुवा आधी," मथुरा म्हणाली. "विहीर त्या बाजूला आहे."

साहेब विहिरीकडे वळला आणि मथुरा आत धावली. पुढं जे तिनं केलं त्याबद्दल ती नंतर स्वतःवर जितकी चिडली तितकी साहेबावरही चिडली नसेल. तिनं आढ्याचा दोर वर भिरकावून दिला, दिसू नये असा. खाटेखालचं झाकणाचं पत्र्याचं भांडं भिंतीकडे सारून वर गोधडी टाकली. तेलाच्या बाटल्या कोनाड्यात गेल्या, कुबडी दारामागं. तापलेली वाळूसुद्धा तिनं परसात ओतली. पाहुणा आला की घर आवरायचं हे तिच्या हातांना आईनं शिकवलं होतं, आणि त्या हातांनी त्या दिवशी डोक्याला काही विचारलंच नाही.

"आयकलास? फंडाचो सायब इलो हा."

"मुंबयसून?" धोंडूचा चेहरा उजळला. "माझो सदरो दी. तो इस्त्रीचो."

तोही तिनं दिला. गुंड्या लावल्या. केस विंचरले.

हा फंड म्हणजे बंदरातल्या मजुरांचा. धोंडू मुंबईच्या गोदीत मालाच्या पेट्या उचलणाऱ्या यंत्रावर होता. छपन्न साली एका दुपारी साखळी तुटली, वरची पेटी खाली आली, आणि खाली धोंडू होता. महिने न् महिने इस्पितळात काढून तो आगबोटीनं गावी आला. आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे, दूर समुद्रात उभी राही आणि माणसं लहान होडीत, पडावात उतरत. एके काळी सुट्टीवर आलेला धोंडू त्या हलत्या पडावात पाय रोवून उभा राही, आणि वरून उतरणाऱ्या बायकापोरांना एका हातानं अलगद झेली. "धोंडू आसा मा खाली? मगे भिया नाय," असं म्हाताऱ्या म्हणत. त्या धोंडूला त्या दिवशी माशांच्या पाटीत बसवून दोरांनी खाली सोडला. किनाऱ्यावर उभ्या मथुरेनं तेव्हा डोळे मिटून घेतले नाहीत. तिनं मुद्दाम उघडे ठेवले. कुणी तरी बघायला हवं होतं.

तेव्हापासून फंडाची मनिऑर्डर येत होती. लेक आनंदी विजयदुर्गास दिलेली, तिच्या घरी तिची ओढाताण. शेत नाही, होडी नाही. मनिऑर्डर आली की चूल पेटे, इतकं ते साधं गणित होतं.

आता ती मनिऑर्डर पायांवर पाणी घेत विहिरीवर उभी होती.

साहेब पडवीत चढला आणि धोंडू उठला. कुबडी नाही, दोर नाही, मथुरेचा खांदा नाही. वळईच्या, आतल्या खोलीच्या, दारापासून भिंतीला हात लावत तो पडवीच्या खांबापर्यंत आला आणि खांबाला धरून ताठ उभा राहिला. इतका ताठ ती त्याला लग्नातल्या फोटोत तेवढी बघत असे.

"नमस्कार सायबानू! येवा, येवा. बसा."

कुंपणापलीकडून रुकय्यानं हे सगळं बघितलं होतंच. शेजारचा गनी मासेमारीच्या होडीचा तांडेल, रुकय्या त्याची बायको. तिच्या घरात वाडीतली एकुलती एक खुर्ची होती. ती तिनं न मागता कुंपणावरून दिली. मथुरेनं पदरानं पुसून मांडली.

"राहू द्या," साहेब म्हणाला. "पँट भिजलीय. उभाच बरा."

आणि साहेब उभा राहिला. त्यानं बॅग उघडली, कागद काढले, पेन झटकलं. छपराकडं बघितलं, खळ्याकडं बघितलं, माडांकडं बघितलं. पुन्हा कागद. पुन्हा पेन. साहेब उभा म्हणून धोंडू उभा. पाहुणा उभा असताना यजमानानं बूड टेकायचं नाही, ही रीत धोंडूच्या हाडात मुरलेली, मग ते हाड मोडकं का असेना.

"कसे आहात?"

"बरो आसंय सायब, तुमच्या किरपेन."

दारामागं मथुरेनं दात आवळले. अहो, कसे आहात असं विचारल्यावर कुणी सांगतं का, मी वाईट आहे म्हणून? ताप चढलेला माणूसही बरो आसंय म्हणतो. पण साहेबाचं पेन चाललं.

"घरातल्या घरात सगळं करता येतं?"

"येता, येता. सकाळचा वायच कंबर धरता. बाकी काय नाय."

"साहेब," मथुरा पुढं झाली, "सकाळी उठताना त्यांना..."

"तू गप रव गो," धोंडू म्हणाला. रागानं नव्हे, हसत. "सायबांका गूळ-पाणी दी. आणि शहाळा हाड एक."

"काही काम वगैरे?"

"करूक होया सायबा. बसान खाणारो माणूस न्हय मी. ह्या गनीची जाळी आसतत, फाटलेली, ती गाठवतंय."

पेन चाललं.

मथुरेनं शहाळं आणलं आणि कोयता आपल्याच हातात ठेवला. धोंडूनं हात पुढं केला. ती देईना. दोघं नवरा-बायको एका कोयत्यासाठी डोळ्यांनी भांडले, आणि साहेब बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं तो सोडला. खांबाला पाठ लावून, डाव्या तळव्यावर शहाळं धरून धोंडूनं तीन घाव घातले. दोन तासायचे, तिसरा तोंडाचा. एक थेंब सांडला नाही.

"वा! कोयता छान चालतो हो तुमचा," साहेब म्हणाला आणि प्याला. मान मागं टाकून, शेवटच्या घोटापर्यंत.

जाताना धोंडू त्याला पोचवायला निघाला. मथुरा म्हणाली, "राहू द्या, मी जाते." धोंडू म्हणाला, "पावणो एकटो जाता म्हणजे काय?" पडवीची पायरी उतरून सारवलेल्या खळ्यातून तो कडेच्या माडापर्यंत गेला. खळं तेवढं घट्ट होतं. त्याच्यापुढं वाळू. त्या वाळूत कुबडी कोयत्यासारखी रुतून बसे, म्हणून पाच वर्षांत धोंडू त्या माडापलीकडं स्वतःच्या पायांनी गेलेला नव्हता. परसातल्या आडोशालासुद्धा नाही, कारण तोही वाळूपलीकडं. खाटेखालचं भांडं त्यासाठीच.

माडाला हात लावून तो थांबला. साहेबाला वाटलं असेल, भला माणूस, शिष्टाचारानं थांबला. त्यानं वळून हात हलवला. धोंडूनंही हलवला.

साहेब सुरूच्या झाडांआड गेला आणि धोंडूची हाक आली, अगदी हळू.

"मथुरा. माका वळाक गावना नाय."

ती आणि रुकय्या धावल्या. माडावरची त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. दोघींनी त्याला घोंगडीत घातला आणि ओढत, उचलत आत आणला. नंतरचे चार दिवस तो पंच्याचं टोक दातांत धरून पडून होता. ना दोर कामाचा, ना वाळू. मथुरेनं पेज चमच्यानं भरवली. भांडं दिलं, काढलं, धुतलं. पाचव्या दिवशी जरा डोळा लागून उठला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय असावं?

"सायब बरो माणूस होतो."

शिमगा होऊन गेला आणि पत्र आलं. मनिऑर्डर त्याआधीच थांबली होती, पण पोस्टात काही घोळ असेल असं दोघं एकमेकांना सांगत होती. मथुरा आचऱ्याला माहेरी मराठी चौथी झालेली. तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. अर्जदार आधाराशिवाय चालतो. बराच वेळ उभा राहू शकतो. कोयत्यासारखे अवजार सफाईने वापरतो. जाळी विणण्याचा धंदा करतो. प्रकृती बरी असल्याचे स्वतः सांगतो. सबब साहाय्य बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास अर्जदाराने कणकवलीच्या डाकबंगल्यात अमुक तारखेस जातीने हजर राहावे.

वाचता वाचता तिनं मान वर केली. आणि तिला दिसलं की "सफाईने" या शब्दाशी धोंडूच्या ओठाचा कोपरा किंचित वर गेला होता.

तिथं मथुरेचा भडका उडाला.

"हसतास? तुमका हसू येता?"

"हसूक नाय गो. पण खोटा खंय लिवल्यान? कोयतो चलता माझो."

"तुमका कोणी सांगितल्यान हुता उठाक? कोणी?"

"पावणो दारात उभो, आणि मी खाटेर बसान रवू? माझो बापूस वर्सून बघता हा."

"तो पावणो न्हय! तुमचा माप घेवक इललो तो! तुमी तेका शहाळा पाजलास, आणि तेणा शहाळा पितापिता आमची चूल विझयल्यान!"

बोलता बोलता मथुरेला आठवलं, दोर वर कुणी भिरकावला? भांड्यावर गोधडी कुणी टाकली? इस्त्रीचा सदरा कुणी काढून दिला? पण ती स्वतःला कितीही बोलली तरी त्या रागाचं एक टोक साहेबाकडेच जाऊन पोचे. आम्ही आवरलं, मान्य. पण तू बघायला आला होतास ना? खाटेवरची उशी कमरेखाली का, हे विचारलंस? खाटेजवळ गेलास? वळईत डोकावलास? घरात एक माणूस दिवसाचे चोवीस तास मोडून पडलेला असतो आणि तू त्याची अर्धी घटका लिहून नेलीस, तीही त्यानं तुझ्या मानासाठी काढलेली.

रुकय्या भांडण ऐकून आलीच. पत्र समजल्यावर तिनं कमरेवर हात ठेवले.

"शिरा पडो तेच्या तोंडार! माझी खुर्ची दिलंय, आणि मेलो बसलो पण नाय! बसलो असतो तर धोंडूभावजी बसले असते. भिजलली पँट! आमच्या खुर्चेक काय मीठ लागला असता?" मग तिनं मथुरेचा हात धरला. "तू वायच भायर ये."

विहिरीशी नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "जाळ्यांचो धंदो लिवल्यान म्हणतंस? आयक. भावजी गाठवतत ती जाळी गनी घराकडे हाडून परत सोडयता. गाठ न् गाठ. दोर धरून धरून बोटांत जोर रवूक नाय तेंच्या. गाठ बसना नाय."

"माका कधी सांगूक नाय गो?"

"सांगान काय उपेग? गनी म्हणता, जाळा नाय दिला तर तो माणूस दिवसभर काय करतलो?"

मथुरा विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे ज्याला साहेबानं धंदा म्हटलं ती शेजाऱ्याची माया होती. आणि ते सिद्ध करायचं तर आधी ती माया धोंडूच्या तोंडावर उघडी करायची. काय पण न्याय!

कणकवलीला जायचं कसं, यावर दोन दिवस खल झाला. गनी म्हणाला, होडीनं मालवण, पुढं बैलगाडी, गाडीत पेंढा घालू. धोंडू लगेच तयार. "जातंय मी. सांगतंय सायबांका."

"आणि काय सांगतलास? बरो आसंय?" मथुरा म्हणाली. "गेलास तर म्हणतले, बघ, इलो मगे, चलता फिरता. नाय गेलास तर म्हणतले, जातीन इलो नाय. पाय मोडको म्हणान सिद्ध करूक चलत येवा! ह्यो खंयचो कायदो?"

"मगे काय करूक होया?"

"मी जातंय."

धोंडूनं आढ्याकडं बघितलं. दोर पुन्हा खाली सोडलेला होता.

"काय सांगतलंस?"

"सगळा."

"दोराचा सांग. वाळयेचा सांग. तू माका भरयतंस ता पण सांग, मेल्यार काय." तो थांबला. "भांड्याचा सांगू नुको. मथुरा, तां नुको."

त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "बरा." न सांगायच्या गोष्टींत जाळ्यांचंही तिनं मनातल्या मनात घातलं.

हजर व्हायच्या दिवशी ती उजाडताच निघाली. गनीनं होडीनं खाडी पार केली. मालवणच्या स्टँडवर एस.टी. उभी होती. गेल्या पाच वर्षांत मथुरेला एक खोड लागली होती, ती प्रत्येक गोष्ट धोंडूच्या पायानं मोजी. एस.टी.ची पहिली पायरी तिच्या गुडघ्याला लागली. म्हणजे धोंडूला ती डोंगर. बाकाला पाठ होती पण खड्ड्यागणिक खालून धक्का, म्हणजे धोंडू वाटेवरच्या कट्टा गावापर्यंतही पोचला नसता. कणकवलीला उतरून ती विचारत विचारत डाकबंगल्याशी आली, आणि बघते तर डाकबंगला टेकाडावर, आणि वर जायला दगडी पायऱ्या. लुळ्यापांगळ्यांना बोलवायचं आणि ते पायऱ्यांच्या वर! ती प्रत्येक पायरीवर पाय आपटत चढली. पायऱ्यांचा काही दोष नव्हता, पण आपटायला तेवढ्याच होत्या.

व्हरांड्यात आणखी माणसं होती. एक म्हातारा दोडामार्गाकडचा, उजवा हात खांद्यापासून नसलेला. सदऱ्याची बाही घडी घालून पिनेनं टाचलेली.

"तुमका कित्याक बोलावल्यानी?" मथुरेनं विचारलं.

"दोन-दोन वर्सानी बोलावतत गो बाये. हात परत फुटलो काय ता बघूक." त्यानं बाही हलवली. "तेंका वाटता मी शेवगो आसंय."

मथुरा हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं नव्हतं.

शिपायानं पुकारा केला. "धोंडू सखाराम मयेकर!"

आत टेबलामागं दोघं बसले होते. एक तोच, शहाळंवाला साहेब. दुसरे चष्म्याचे, वयस्क, आवाज मऊ. टेबलाच्या अलीकडं खुर्ची नव्हती.

"अर्जदार कुठं आहेत?" चष्म्याच्या साहेबांनी विचारलं.

"ते येऊ शकत नाहीत. मी त्यांची बायको."

"पण पत्रात स्पष्ट लिहिलंय, जातीने."

"ते आले असते तर तुम्ही म्हणाला असता, आले की."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, नियम मी केलेले नाहीत. तुमचं म्हणणं काय, की ते चालू शकत नाहीत?"

"चालतात. पाच पावलं. मग चार दिवस पडून राहतात."

"हे चार दिवस कुणी बघितले?"

"मी."

"तुम्ही घरच्या झालात."

आता पहिला साहेब पुढं झुकला. त्याच्या बोलण्यात वैर नव्हतं, आणि तेच मथुरेला जास्त झोंबलं. "बाई, मी कुणावर अन्याय करत नाही. मी स्वतः तुमच्याकडं आलो होतो. मी उभा, ते उभे, आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो. हसून बोलले. मला पोचवायला बाहेर आले. मी स्वतः त्यांच्या हातचं शहाळं प्यालोय. ते मी कसं विसरू?"

"विसरू नका," मथुरा म्हणाली.

तिचा आवाज चढला होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला. वाडीत असती तर तिनं कमरेला पदर खोचला असता आणि रुकय्याचे शब्द उसने घेतले असते. पण इथं तिला पुस्तकी मराठीत रागवायचं होतं, आणि त्या मराठीत रागवायची तिला सवय नव्हती. एकेक शब्द तिनं वेचून घेतला.

"विसरू नकाच. तुम्ही उभे होता म्हणून ते उभे होते. आमच्यात पाहुण्याच्या आधी बसत नाहीत. तुम्ही सुरूंच्या मागं गेलात आणि त्यांना वळता येईना. माडावरून त्यांची बोटं आम्ही दोघी बायकांनी सोडवली. वाळूनं तुमचे पाय धरले, तुम्ही स्वतः म्हणालात, आणि तुमचे दोन्ही पाय धडके आहेत. त्यांच्या कुबडीचं काय होत असेल, हे तुमच्या मनात आलं नाही?"

पहिल्या साहेबानं कागदाकडं नजर वळवली.

"रोज सकाळी मी त्यांना दोरानं उठवते. तो दोर तुम्हाला दिसला नाही, कारण तुम्ही आलात म्हणून मी तो वर टाकला. घर आवरलं. माझी चूक. घरात पाहुणा आला तर घर आवरायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

"आणखी काही अडचणी?" चष्म्याच्या साहेबांनी मऊपणानं विचारलं. पेन हातात घेतलं. "अंघोळ, शौच, इत्यादी? तसं काही असेल तर सांगा, नोंद करता येईल. त्यानं फरक पडतो."

मथुरेनं तोंड उघडलं.

एवढं एक वाक्य बोललं की झालं, हे तिला कळलं. पेन वाटच बघत होतं. झाकणाचं पत्र्याचं भांडं त्या कागदावर गेलं असतं, कागद मुंबईला गेला असता, आणि मनिऑर्डर परत आली असती. पडावात उभं राहून माणसं झेलणारा धोंडू आणि ते भांडं, दोन्ही एका कागदावर. नाव, गाव, भांडं. इथल्या दोघांना त्याचं काहीच वाटलं नसतं, आणि त्याचाच तिला संताप आला. पोट भरायचं तर माणसानं आधी नागवं व्हायचं, आणि तेही स्वतः हजर नसताना, बायकोच्या तोंडून.

तिनं तोंड मिटलं.

"बाई?"

"मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "काही गोष्टी सांगणार नाही म्हणून. त्या मी सांगणार नाही."

"मग आम्ही काय करायचं?" पहिला साहेब म्हणाला. तो खरोखरच विचारत होता. "तुम्ही सांगणार नाही, ते सांगणार नाहीत. आम्हाला कळायचं कसं?"

बाहेर व्हरांड्यात दोडामार्गवाल्याचं नाव पुकारलं गेलं. मथुरेनं पदर खांद्यावर घेतला. सकाळपासून ती उभीच होती. पाय भरून आले होते. या खोलीत तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि आता कुणी म्हटलं असतं तरी ती बसली नसती.

"माझी एक विनंती आहे," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा एकदा आमच्याकडं या. सकाळीच या. कुणाला पाठवू नका, तुम्हीच या. पँट भिजली असली तरी चालेल, शेजारणीची खुर्ची खराब होत नाही. आणि आल्याबरोबर, काही विचारायच्या आधी, तुम्ही खाली बसा. तुम्ही बसल्याशिवाय ते बसणार नाहीत."